ऑकॉ म्हणजे नवरा की भाला? आंजेलिक किजोचं गाणं समजून घेताना

घरात हार्मोनियम असेल तर जरा पुढे ओढा, नसेल तर मोबाईलवर पियानोचं एखादं ॲप उघडा, तेही चालेल. आता एक छोटा शब्द म्हणायचाय, ऑकॉ. आधी दोन्ही अक्षरं रे वर म्हणा, रे-रे. याचा अर्थ नवरा. आता पहिलं अक्षर रे वर आणि दुसरं ग वर. ही झाली शेतातली कुदळ. आता रे वरून खाली सा वर या, म्हणजे गाडी किंवा होडी, थोडक्यात वाहन. आणि दोन्ही अक्षरं सा वर म्हटली की झाला भाला. अक्षरं तीच, तोंड तसंच उघडायचं, फक्त सूर बदलला आणि नवऱ्याचा भाला झाला.

ही योरुबा भाषा. नायजेरियात कोट्यवधी लोक बोलतात, शेजारच्या बेनिन देशातही बोलतात. तिच्यात तीन सूर असतात, खालचा, मधला आणि वरचा, आणि ते शिकवताना दो-रे-मी म्हणूनच शिकवतात, म्हणजे आपलं सा-रे-ग. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अख्खी संध्याकाळ ऑकॉ ऑकॉ करत पेटी वाजवत बसलो होतो, आणि त्यानंतर बेनिनच्या आंजेलिक किजो या गायिकेची जी गाणी मी कित्येक वर्षं नुसती "काय भारी आवाज आहे" म्हणून ऐकत होतो ती पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतली.

कारण विचार करा, आपल्याकडे चाल लावताना केवढी मोकळीक असते. "आई" हा शब्द वर न्या, खाली आणा, तानेत घोळवा, आई ती आईच राहते. आपण बोलतानाही सूर वापरतोच की, "हो?" वेगळं, "हो!" वेगळं, आणि कंटाळून म्हटलेलं "होऽऽ" आणखी वेगळं, पण त्यातून बोलणाऱ्याचा मूड कळतो, शब्द बदलत नाही. योरुबात शब्दच बदलतो. तिथे कवितेची ओळ हातात आली की अर्धी चाल तिच्यात आधीच बसलेली असते आणि गाणाऱ्याला तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. अगदी प्रत्येक सूर पाळतातच असं नाही, मागचापुढचा संदर्भ असतो म्हणून थोडं इकडेतिकडे चालतं, पण चालीचा चढउतार बहुतेक वेळा बोलण्याच्या चढउताराच्या मागोमाग जातो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी युरोपातल्या चर्चच्या चाली तशाच ठेवून त्यावर योरुबा शब्द बसवले तेव्हा हाच घोटाळा झाला, चाल वर जायची तिथे शब्दाला खाली जायचं असायचं, आणि भक्तीच्या ओळीचे भलतेच अर्थ निघायचे. आणि याच गोष्टीची दुसरी, सुंदर बाजू म्हणजे बोलणारा ढोल. काखेत धरून दोऱ्या आवळायच्या, सूर वर जातो, सैल सोडल्या की खाली येतो, आणि ऐकणाऱ्यांना त्यातून म्हणी कळतात, माणसांची नावं कळतात. शब्द नाहीत, फक्त त्यांचे सूर, तरी कळतं.

आता मूळ माणसाकडे येतो. आंजेलिक किजो, जन्म १४ जुलै १९६०, वीदा नावाच्या समुद्रकाठच्या गावात. देशाचं नाव तेव्हा दाहोमे होतं आणि तो फ्रेंचांच्या ताब्यात होता. ती १८ दिवसांची असताना, १ ऑगस्टला, तो स्वतंत्र झाला आणि पुढे १९७५ मध्ये त्याचं नाव बेनिन झालं. घरात आणि आजूबाजूला फॉन, योरुबा आणि मीना या भाषा, शाळेत फ्रेंच, रेकॉर्ड प्लेयरवर इंग्लिश. आईची नाटकमंडळी होती, तिथे ही सहाव्या वर्षी स्टेजवर उभी राहिली. भावांचा बँड होता, त्यांच्यामुळे जेम्स ब्राऊन, अरीथा फ्रँकलिन, जिमी हेंड्रिक्स, सांताना हे सगळं लहानपणीच कानावर पडलं, आणि दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा तर तिचं दैवतच. देशात तेव्हा लष्करी मार्क्सवादी राजवट होती, कलाकारांनी सरकारची गाणी गावीत अशी अपेक्षा असायची, म्हणून १९८३ मध्ये ती पॅरिसला निघून गेली. तिथल्या एका जॅझ शाळेत शिकली, यास्पर फान्ट हॉफ या डच पियानोवादकाच्या पिली पिली नावाच्या जॅझ बँडमध्ये गायली, जाँ एब्राय हा बेस वाजवणारा संगीतकार भेटला, त्याच्याशी लग्न केलं आणि दोघं आजपर्यंत मिळून गाणी करतात.

तिच्याबद्दल कुठेही वाचायला गेलात तर एक वाक्य हमखास येतं, की ती जॅझ, सोल, फंक आणि आफ्रिकन संगीताचं "मिश्रण" करते. हे वाक्य चूक नाही पण मला ते कायम खटकतं, कारण मिश्रण म्हटलं की वाटतं चार डबे वेगवेगळे होते आणि हिने प्रत्येकातलं चमचा चमचा घेऊन एकत्र ढवळलं. प्रत्यक्षात ते डबे एकाच घरातून बाहेर पडलेले आहेत. ते कसं, हे सांगायला मला तालाकडे जावं लागेल, जरा धीर धरा, पेटी अजून आत ठेवू नका.

पेटीवर सा पासून नी पर्यंत काळ्या-पांढऱ्या धरून १२ पट्ट्या असतात आणि त्यातले शुद्ध स्वर ७. सा पहिली पट्टी, रे तिसरी, ग पाचवी, म सहावी, प आठवी, ध दहावी आणि नी बारावी. आता सूर विसरा आणि फक्त आकडे घ्या. १ ते १२ एकसारखे मोजत राहा आणि १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ ला चमच्याने स्टीलच्या वाटीवर टण करून वाजवा. थांबायचं नाही, बाराच्या पुढे लगेच एक. जे ऐकू येतंय तो पश्चिम आफ्रिकेतला लोखंडी घंटेचा ठेका. फॉन भाषेत या घंटेला गान म्हणतात (हो, गान, आपल्या गाण्याशी संबंध नाही पण लक्षात राहायला सोपं). बिलावलशी, म्हणजे सात शुद्ध स्वरांच्या थाटाशी, आकडे जुळणं हा निव्वळ योगायोग, मी फक्त पाठ करायची युक्ती म्हणून सांगितलं.

आता खरी मजा पायात आहे. वाटी वाजवत असतानाच पायाने १, ४, ७, १० ला ठेका धरा, म्हणजे बारात चार पावलं. जमलं की पाय सोडून १, ३, ५, ७, ९, ११ ला धरा, म्हणजे बारात सहा. घंटा बदललेली नाही पण गाणंच बदलल्यासारखं वाटतं. चार आणि सहा म्हणजे दोनाला तीन, आपले तबलेवाले ज्याला दीडपट किंवा आड लय म्हणतात तीच. फरक असा की आपल्याकडे ठेका बरोबरीत चालू असतो आणि कलाकार आडात जाऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, परत येतो, तेव्हा आपण वाहवा म्हणतो. तिथे दोन्ही लयी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकत्र चालू असतात, कुणी कुठे जात नाही आणि परत येत नाही, नाचणाऱ्याने ठरवायचं आपण कुठल्या लयीवर पाय टाकायचा. किजोची वेगवान गाणी ऐकताना "सम नक्की कुठे आहे" असं होतं ना, ते याच घराण्याच्या लयीमुळे. आपण एकच सम शोधत बसतो.

ही घंटा आणि या भाषा वीदाच्या किनाऱ्यावरून जहाजात चढल्या. स्वतःहून नाही. वीदा हे गुलामांच्या व्यापारातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी एक, इतिहासकारांच्या अंदाजाने दहा लाखांहून जास्त माणसं इथून विकली गेली. गावातल्या बाजारापासून समुद्रापर्यंत साधारण चार किलोमीटरचा रस्ता आहे, त्याच्या टोकाला आता "परत न येण्याचं दार" नावाची कमान उभी आहे. गावात पोर्तुगीजांचा एक किल्लाही आहे, आणि तो पोर्तुगालच्या हातातून गेला १९६१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या चार-साडेचार महिने आधी. एकाच सत्तेचे दोन तुकडे, एकाच वर्षात सुटले. गोव्यात ज्यांच्या घरी ते दिवस पाहिलेली म्हातारी माणसं आहेत त्यांना वीदा वाटतं तेवढं लांब नाही.

तर ही माणसं ब्राझील, क्यूबा, हैती, अमेरिकेत पोचली तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं, बऱ्याचदा तेही नाही. पण ठेका अंगात होता. ब्राझीलमध्ये ती घंटा आजही आगोगो नावाने वाजते आणि आगोगो हा शब्द योरुबाच आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ढोल वाजवायला बंदी होती, पण न्यू ऑर्लीन्समध्ये काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात रविवारी गुलामांना जमून नाचायची-वाजवायची परवानगी असायची, आणि पुढे त्याच शहरात जॅझ जन्माला आला. जॅझ म्हणजे अगदी थोडक्यात सांगायचं तर युरोपची वाद्यं, युरोपचे कॉर्ड्स (एकदम वाजवलेले तीन-चार सूर), आणि आत आफ्रिकेची लय. जॅझमध्ये ज्याला स्विंग म्हणतात, तो झुलता, लंगडत-लंगडत चालल्यासारखा ठेका, त्यात एका मात्रेचे तीन भाग करून मधला गाळतात. चार मात्रा गुणिले तीन म्हणजे पुन्हा बाराच. मी असं म्हणत नाही की स्विंग म्हणजेच वीदाची घंटा, मधे दोनशे-तीनशे वर्षं आणि अनेक देशांची माणसं आहेत, पण नातं कानाला कळतं.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, त्यातला तो रडवेला सूर आहे ना, तो कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधे कुठेतरी लागतो. पियानोवर त्याला पट्टीच नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम किंवा पाठोपाठ दाबून तो सुचवतात. श्रुतींची सवय असलेल्या आपल्या कानाला यात फारसं विचित्र वाटायचं कारण नाही.

आणि सोल? काळ्या लोकांच्या चर्चमधलं गॉस्पेल गाणं १९५० च्या दशकात चर्चबाहेर आलं, देवाच्या जागी प्रियकर आला, रे चार्ल्स, नंतर अरीथा फ्रँकलिन. त्याचा कणा म्हणजे पुढचा एक ओळ फेकतो आणि मागचे ती झेलतात. याला मराठीत शब्द शोधायला लागत नाही, झील धरणे. गोंधळात, पोवाड्यात जे झीलकरी करतात तेच, फक्त तिकडे बाया चर्चचे झगे घालून उभ्या असतात. किजोच्या गाण्यात मागच्या बायकांचे आवाज नीट ऐका, ती झील बेनिनची आहे की अमेरिकेतल्या डेट्रॉइटची ते वेगळं काढताच येत नाही.

याबद्दलचा तिचा स्वतःचा एक अनुभव आहे. १९८३ मध्ये ती पॅरिसमध्ये नवीन असताना एका पार्टीत टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या रॉक बँडचं गाणं लागलं. ती म्हणाली हे तर आफ्रिकन आहे. बाकीचे म्हणाले, छे, हे रॉक अँड रोल आहे, आफ्रिकन लोकांना इतकं प्रगत संगीत कुठून जमायला. आता गंमत बघा, ते गाणं ज्या १९८० च्या 'रिमेन इन लाइट' अल्बममधलं होतं तो करताना तो बँड नायजेरियाच्या फेला कुटीचा ॲफ्रोबीट (आफ्रिकन ताल, जॅझ आणि फंक एकत्र असलेलं संगीत) ऐकून झपाटलेला होता आणि हे त्यांनी कधी लपवलेलं नाही. म्हणजे त्या खोलीत मूळ ओळखणारी एकटी तीच होती. ३५ वर्षांनी, २०१८ मध्ये, तिने तो अख्खा अल्बम पुन्हा स्वतःच्या पद्धतीने गाऊन काढला, ड्रमवर कोण तर टोनी ॲलन, ज्याने फेलाबरोबर ॲफ्रोबीट घडवला तोच. आणि इंग्लिश ओळींच्या अधेमधे स्वतःच्या भाषांमधल्या ओळी घातल्या.

इथे मला तो भाषेचा मुद्दा परत घ्यायचाय, कारण हा तिच्या गाण्याचा गाभा आहे असं मला वाटतं. गायिका पाच भाषांमध्ये गाते म्हटलं की आपण कौतुक करतो ते पाठांतराचं आणि उच्चारांचं. पण भाषा बदलली की गाण्याचं हाडच बदलतं. इंग्लिशमध्ये शब्दातल्या एका अक्षरावर जोर असतो आणि तो ठेक्याच्या जोरावर पडला नाही तर इंग्रजी कानाला ते मोडकं वाटतं. फ्रेंचमध्ये जोर वाक्याच्या तुकड्याच्या शेवटाकडे जातो, त्यामुळे ओळ शेवटाकडे कलते. मराठीत आपण लघु-गुरू सांभाळतो, दीर्घ अक्षर ऱ्हस्व केलं की जुनी माणसं लगेच हटकतात. आणि योरुबा, फॉनमध्ये तर सूर सांभाळायचे. म्हणजे एकाच ड्रमच्या ठेक्यावर ती इंग्लिश ओळ गाते तेव्हा चाल जोरावर चालते, आणि पुढची ओळ योरुबात आली की चाल वर-खाली चढउतारावर चालायला लागते. शब्द एकही कळत नसताना आपल्याला मधेच "अरे आता काहीतरी बदललं" असं वाटतं ते यामुळेच. माझा तरी अनुभव असाच आहे, आणि हे कळल्यावर मी तिची गाणी अर्थाच्या मागे न लागता नुसती त्या बदलाच्या जागा शोधत ऐकतो.

याचं सगळ्यात मन हलवणारं उदाहरण म्हणजे तिचा २०१९ चा अल्बम, क्यूबाची साल्सा गायिका सेलिया क्रूझच्या गाण्यांचा. सेलिया स्पॅनिशमध्ये गायची, पण मधेच येमाया, एलेग्वा अशी नावं यायची. हे योरुबा देव. क्यूबात गुलामांनी ते संतांच्या तसबिरींआड जपून ठेवले, त्यांची स्तोत्रं पिढ्यान्‌पिढ्या म्हटली. ती भाषा तिकडे लुकुमी म्हणून ओळखली जाते आणि तिचं काय झालं तर शब्द राहिले, सूर गळाले. रोज बोलायला कुणी नाही, आजूबाजूला सगळी स्पॅनिश, मग ऑकॉच्या चार अर्थांना वेगळं ठेवणारे ते तीन सूर हळूहळू पुसले गेले. सेलियाच्या गाण्यात किजोला स्वतःच्या घरातली नावं परक्या उच्चारात सापडली, आणि तिने ती गाणी उचलून बेनिनच्या तालात गायली. समुद्रापलीकडे गेलेल्या नातेवाईकाच्या बोलण्यात आपल्या आजीचा एखादा शब्द अचानक यावा तसं काहीसं. मॉरिशसमध्ये किंवा इस्रायलमध्ये मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटलेल्यांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

दुकानात मात्र हे सगळं एकाच कप्प्यात जातं, "वर्ल्ड म्युझिक". हा शब्द बाजारात रुजला त्याची गोष्ट अगदी साधी आहे. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांचे लोक जमले, परदेशी रेकॉर्ड दुकानात नक्की कुठल्या कप्प्यात ठेवायच्या हे दुकानदारांना कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून एक पाटी ठरवली. हेतू चांगला होता, त्यामुळे विक्री वाढलीही. पण त्या पाटीखाली बेनिन, बल्गेरिया, बंगाल सगळे एकत्र आणि इंग्लिश गाणारे बाहेर. ग्रॅमीवाल्यांनी २०२० मध्ये "वर्ल्ड" काढून "ग्लोबल" केलं. किजोला पाच ग्रॅमी मिळालेत, त्यातला २०२२ चा या नव्या नावाच्या विभागातला, आणि २०२४ मध्ये झाकीर हुसेन, शंकर महादेवन यांच्या 'शक्ती' या बँडला मिळाला तोही याच विभागातला. मला विचाराल तर पाटी बदलल्याने ऐकणाऱ्याला फार मदत होत नाही. गाणारी कुठल्या गावची, कुठल्या भाषेची, तिच्या अंगात कुठला ठेका आहे हे कळलं की होते.

सुरुवात कुठून करायची असं मला बरेच जण विचारतात. तिचा १९९४ चा 'आये' हा अल्बम घ्या, नाचायला लावणारा आहे. झील ऐकायची असेल तर २०१४ चा ईव्ह, त्यात बेनिनच्या गावांतल्या बायकांचे आवाज आहेत, आणि हा मी हेडफोन लावून ऐकायला सांगेन.

आणि एक व्हिडिओ जरूर बघा. ११ नोव्हेंबर २०१८, पॅरिसची ती विजयाची कमान, पहिलं महायुद्ध संपल्याला १०० वर्षं झाली म्हणून देशोदेशीचे राष्ट्रप्रमुख पावसात छत्र्या घेऊन जमलेले. फ्रान्सकडून लढायला पश्चिम आफ्रिकेतून लाखाहून जास्त सैनिक नेले होते, त्यातले कित्येक परत गेलेच नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी किजो तिथे उभी राहिली आणि गायली ते फ्रेंचमध्ये नाही, मीना भाषेत. गाणं मूळ टोगोच्या बेला बेलो या गायिकेचं, ती १९७३ मध्ये अपघातात गेली तेव्हा तिशीचीही नव्हती. गाण्याचं नाव ब्लेवू. समोर बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना ती भाषा येत असेल. ब्लेवू म्हणजे हळू, सावकाश, आणि ती ते तसंच गाते, एकेक सूर जागेवर ठेवत.